समण आणि शमान

सतराव्या शतकात रशियाच्या उत्तर टोकाला, पुस्तोझेर्स्क नावाच्या गोठलेल्या वस्तीत, जमिनीत खणलेल्या कोठडीत बसून एक धर्मगुरू आपलं आयुष्य लिहून काढत होता. त्याचं नाव आवाकुम. रशियन चर्चने पूजाविधीत केलेले बदल त्याने शेवटपर्यंत मानले नाहीत. त्यापायी सैबेरियातली हद्दपारी भोगली, मग ही कोठडी, आणि १६८२ मध्ये त्याला जिवंत जाळलं गेलं. आत्मचरित्रात त्याने बैकल सरोवरापलीकडच्या मुलखातला एक प्रसंग सांगितला आहे. पाश्कोव हा तिथला कडक सरदार आपल्या मुलाला मंगोलांच्या मुलखावर स्वारीला धाडणार होता. यश मिळेल का, हे आधी कळावं म्हणून त्याने एका स्थानिक माणसाला बोलावून घेतलं. त्या माणसाने संध्याकाळी जिवंत मेंढा आणला, त्याची मुंडी पिरगाळून धडावेगळी केली, उड्या मारत नाचला, कुणाकुणाला हाका घातल्या आणि तोंडाला फेस येऊन जमिनीवर कोसळला. शुद्धीवर आल्यावर म्हणाला, मोठा जय मिळवून परताल. स्वारीची पुढे धूळधाण झाली. सरदाराचा मुलगा मात्र कसाबसा जिवंत परतला.

त्या माणसाने जे केलं त्यासाठी आवाकुमने वापरलेलं क्रियापद आहे ‘शमानित’. आणि लगेच पुढे त्याने अर्थही सांगून टाकला आहे: म्हणजे भविष्य पाहणं. सांगावाच लागला, कारण त्याच्या वाचकांना तो शब्द ठाऊक नव्हता. रशियन भाषेत हा शब्द ज्या अगदी सुरुवातीच्या लिखाणांतून भेटतो, त्यातलं हे एक. आज पेरूच्या जंगलापासून कोरियाच्या शहरांपर्यंत, आत्म्यांशी बोलणारा, आजाऱ्याला बरं करणारा माणूस दिसला की जगातली बहुतेक भाषांतरं हाच शब्द पुढे करतात. आपल्याकडे तो इंग्रजीवाटे ‘शामन’ होऊन आला. मूळ उच्चाराला ‘शमान’ अधिक जवळचा आहे, म्हणून इथे तेच रूप वापरतो.

हा शब्द आहे एव्हेन्की लोकांचा. त्यांना पूर्वी तुंगूस म्हणत. १९०८ मध्ये सैबेरियाच्या आकाशात जो प्रचंड स्फोट होऊन मैलोगणती जंगल आडवं झालं, त्याच्याशी जोडलेलं तुंगुस्का नदीचं नाव याच लोकांवरून पडलेलं आहे. रेनडिअर पाळायचे, शिकार करायची, लार्च झाडाच्या बारीक खोडांवर भूर्जाची साल किंवा कातडी ताणून तंबू उभारायचा, आणि मोसमाबरोबर पुढे सरकायचं, असं त्यांचं जगणं. पश्चिमेला येनिसेई नदी, पूर्वेला पॅसिफिकला लागलेला ओखोत्स्कचा समुद्र, एवढ्या अफाट तैगात, म्हणजे उत्तरेच्या सूचिपर्णी जंगलात, हे लोक विरळ विखुरलेले. २०१० च्या जनगणनांत रशियात ते ३८ हजारांच्या आसपास होते आणि चीनमध्ये ३० हजारांच्या. दोन्ही मिळून आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी संख्या होते, आणि त्यातही स्वतःची भाषा बोलणारे थोडेच उरले आहेत. अशा लोकांचा शब्द साऱ्या जगाने उचलावा, हे मला कितीदा वाचलं तरी नवलाचंच वाटतं.

कारण शोधायला गेलं तर ते सापडतं सेबल या प्राण्याच्या मऊ, काळसर कातडीत. त्या कातडीला मॉस्कोत आणि युरोपात सोन्याचं मोल होतं. तिच्या मागे लागलेले कॉसॅक शिपाई नद्यांच्या काठाने पूर्वेकडे सरकत गेले. १६१९ मध्ये त्यांनी येनिसेइस्कचा कोट बांधला, १६३२ मध्ये लेना नदीवर याकुत्स्क, आणि १६३९ मध्ये ते ओखोत्स्कच्या किनाऱ्याला लागले. येनिसेई ओलांडल्यावर ज्यांच्याकडून कातड्यांची खंडणी वसूल करायची आणि ज्यांना वाटाडे म्हणून पुढे घालायचं, ते बहुतेक ठिकाणी तुंगूस. त्यांच्या तोंडचा शब्द शिपायांनी उचलला, पुढे भेटलेल्या प्रत्येक जमातीला तोच लावला, आणि रशियनमधून तो जर्मन, डच, फ्रेंच, इंग्रजी असा पसरत गेला.

त्या बाकीच्या जमातींकडे आपापले शब्द होतेच. तुर्की भाषा बोलणारे ‘काम’ म्हणत, मंगोल ‘बो’, याकुत ‘ओयून’, नेनेत्स लोक ‘तादिब्या’. रशियनमध्ये एक मोठा गमतीचा प्रकार झाला. विधी करणारा माणूस तुंगूस नावाने ओळखला जाऊ लागला, पण त्याच्या विधीला रशियन लोक ‘कामलानिये’ म्हणतात, आणि हा शब्द तुर्की ‘काम’वरून आलेला आहे. म्हणजे करणारा एका भाषेचा आणि त्याचं कर्म दुसऱ्या भाषेचं. याहून विलक्षण गोष्ट आहे ती स्त्रियांच्या नावांची. पुरुष शमानाला याकुत, मंगोल, अल्ताई अशा प्रत्येक लोकांत वेगळं नाव. पण स्त्री शमानासाठी मात्र याकुत ‘उदागान’, मंगोल ‘उदगान’ आणि त्याच घडणीची इतर रूपं दूरदूरच्या भाषांत सापडतात. यावरून काही अभ्यासकांनी असा तर्क केला की आधी हे काम स्त्रियांकडेच होतं. लोक पांगल्यावर पुरुष त्यात आले आणि प्रत्येकाने आपलं वेगळं नाव घेतलं. तर्कच आहे, पण शब्द पुराव्यासारखे कसे बोलतात, याचा तो सुंदर नमुना आहे.

खुद्द एव्हेन्की भाषेतही हा शब्द सगळीकडे एकसारखा उच्चारला जात नाही. तिच्या बोलींची वर्गवारी भाषाशास्त्रज्ञ ज्या खुणांवर करतात, त्यातली मुख्य खूण म्हणजे शब्दाच्या सुरुवातीचा ‘स’. काही बोलींत तो ‘स’च राहतो, काहींत ‘श’ होतो, आणि उत्तरेकडच्या बोलींत ‘ह’. म्हणून तोच माणूस कुठे ‘समान’, कुठे ‘शमान’, तर कुठे ‘हमान’. कॉसॅक जर आधी उत्तरेच्या तंबूत शिरले असते, तर आज जगभरच्या शब्दकोशांत ही नोंद ‘ह’ खाली असती.

युरोपने या माणसाकडे आधी भीतीने पाहिलं, मग तिरस्काराने. अॅमस्टरडॅमचा नगराध्यक्ष निकोलास विट्सेन याच्या १६९२ च्या ग्रंथात तुंगूस शमानाचं एक चित्र आहे: अंगावर कातडं, डोक्यावर रेनडिअरची शिंगं, हातात डफ, आणि पायांना चक्क पंजे. खाली ओळख दिली आहे ती सैतानाचा पुजारी म्हणून. अठराव्या शतकात सैतान मागे पडला आणि शमान लबाड ठरला. दिदेरोच्या विश्वकोशाने १७६५ मध्ये त्याला सरळ भोंदूंत काढलं, आणि रशियाची सम्राज्ञी दुसरी कॅथरीन हिने १७८६ मध्ये सैबेरियन शमानाची टर उडवणारं आख्खं नाटक लिहिलं.

त्या तंबूत नेमकं काय घडतं, हे शांतपणे बसून पाहायला विसावं शतक उजाडावं लागलं. सेर्गेई शिरोकोगोरोव हा रशियन अभ्यासक आणि त्याची पत्नी येलिझावेता यांनी १९१२ पासून काही वर्षं तुंगूस लोकांत हिंडून काम केलं, आणि त्याचा मोठा ग्रंथ १९३५ मध्ये आला. शमान म्हणजे आत्म्यांचा धनी, असं त्यांनी मांडलं. तो आत्म्यांना आपल्या इच्छेने स्वतःत घेतो, त्यांच्याकडून काम करवून घेतो आणि त्या बळावर पीडितांना सोडवतो. मराठी वाचकाला इथला बारकावा चटकन कळेल. आपल्याकडे ज्याच्या अंगात येतं त्याला ‘झाड’ म्हणतात. वारा येतो, झाड हलतं. येणं-जाणं वाऱ्याच्या मर्जीवर. शमानाचं याच्या उलट आहे. तिथे वाऱ्याला बोलावणं झाडाकडून जातं आणि निरोपही झाडच देतं.

अर्थात ही धनीपणाची पायरी सुखाने चढता येत नाही. होऊ घातलेला शमान आधी आजारी पडतो, माणसांतून उठतो, रानात पळतो, अन्न टाकतो. जुने शमान ती खूण ओळखतात, आणि पत्करल्याशिवाय आजार हटत नाही. मग शिकणं, मग अंगरखा, त्यावर लोखंडाचे तुकडे, शिंगं, घुंगरांसारखे लोलक. तो पोशाख चांगलाच जड होतो. आणि डफ. सैबेरियातल्या अनेक लोकांत डफ हे वाद्य तर आहेच, त्याहून अधिक ते वाहन आहे. ज्या रेनडिअरचं किंवा हरणाचं कातडं त्यावर चढवलं, त्या जनावरावर स्वार होऊन शमान दुसऱ्या लोकात जातो. म्हणून काही ठिकाणी नव्या डफाला जिवंत करण्याचा वेगळा विधी असतो. शमान त्या जनावराचं आयुष्य, ते जन्मलं कुठे, चरलं कुठे, मारलं गेलं कुठे, ते सगळं पुन्हा चालून येतो. एका वाद्याविषयी इतकी कृतज्ञता मी दुसरीकडे वाचलेली नाही.

मिर्चा एलियाद या रुमानियन अभ्यासकाने हा शब्द तैगाबाहेर खऱ्या अर्थाने पसरवला. तो तरुणपणी कोलकात्यात सुरेंद्रनाथ दासगुप्तांकडे भारतीय तत्त्वज्ञान शिकला होता. १९५१ मध्ये पॅरिसमध्ये त्याचा शमानांवरचा ग्रंथ निघाला. त्यात आत्म्याचं शरीर सोडून उड्डाण करणं हे शमानाचं खरं लक्षण ठरवून त्याने उत्तर ध्रुवाजवळच्या लोकांपासून ऑस्ट्रेलियापर्यंत सगळीकडे ते दाखवून दिलं. त्याची झेप मोठी होती, पण तिच्यात एव्हेन्की तंबू फार लहान झाला, असं मला वाटतं. ग्रंथ आला त्याच्या पुढच्याच वर्षी, १९५२ मध्ये, ईशान्य चीनमध्ये वेगळंच घडत होतं. एव्हेन्कींचे भाऊबंद म्हणावेत असे ओरोचेन लोक तिथल्या जंगलात राहतात. नव्या राजवटीच्या अधिकाऱ्यांनी त्यांना ‘अंधश्रद्धा’ सोडायला सांगितलं. तेव्हा तिथल्या शमानांनी आणि वडीलधाऱ्यांनी सलग तीन रात्री विधी केला, आत्म्यांना विनवलं की आता निघून जा, परत येऊ नका. त्यांत चुओन्नासुआन नावाचा एक तरुण शमान होता. तो २००० मध्ये वारला, ओरोचेनांचा शेवटचा शमान म्हणून. सोव्हिएत बाजूला तर याआधीच, १९२० आणि ३० च्या दशकांत, डफ जप्त झाले होते आणि शमान तुरुंगात गेले होते. पॅरिसमध्ये शब्दाला पंख फुटत होते तेव्हा त्याच्या घरी ही अवस्था होती.

आता आपल्याला सगळ्यात जवळच्या प्रश्नाकडे येऊ. ‘शमान’ ऐकल्याबरोबर संस्कृत ‘श्रमण’ आठवतो, आणि पाली ‘समण’ तर आणखीच. श्रम करणारा, तप करणारा, घर सोडून निघालेला तो श्रमण. अशोकाच्या आठव्या शिलालेखात ब्राह्मण आणि श्रमण यांच्या भेटीचा आणि दानाचा उल्लेख येतो. त्या लेखाचा एक तुकडा १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींना आपल्या सोपाऱ्यात मिळाला. नाशिकच्या पांडवलेण्यांत १९ क्रमांकाच्या लेण्यावरचा प्राकृत लेख सांगतो, की सातवाहन कुळातला कण्ह राजा असताना नाशिकच्या ‘समण’ महामात्राने हे लेणं करवलं. श्रमणांची व्यवस्था पाहणारा अधिकारी, असा त्याचा अर्थ बहुतेक अभ्यासक घेतात. म्हणजे हा शब्द या मातीत दोन हजार वर्षांपूर्वी दगडावर कोरलेला आहे.

आणि तो इथे थांबला नाही. बौद्ध भिक्षूंबरोबर वाळवंटं ओलांडून गेला. तारीम खोऱ्यातल्या कुचा या हिरवळीच्या शहरात, तोखारी भाषेत, तो ‘षमाने’ झाला. सोग्दी व्यापाऱ्यांच्या लिपीत ‘शमन’, फारसीत ‘शमन’ म्हणजे बौद्ध, पुढे मूर्तिपूजक. चिनीत ‘शामेन’. अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने ग्रीकमध्ये बाल्ख मुलखाच्या ‘समनाइ’ लोकांचा उल्लेख केला. एवढी साखळी डोळ्यांसमोर असताना शेवटची कडी सैबेरियात अडकवण्याचा मोह एकोणिसाव्या शतकातल्या विद्वानांना झाला, यात काही नवल नाही. मलाही तो होतो.

पण १९१७ मध्ये बर्टोल्ड लाउफर या गाढ्या अभ्यासकाने या शब्दाच्या उगमावर एक लेख लिहिला आणि ही कडी उचकटली. शब्द उत्तर आशियातलाच, आणि तुर्की ‘काम’शी त्याचं नातं, असं लाउफरचं म्हणणं. सात वर्षांनी, १९२४ मध्ये, भारतविद्येचा जाणकार मिरोनोव आणि आपला शिरोकोगोरोव यांनी मिळून उलट बाजू घेतली: शब्द श्रमणाचाच, आणि तुंगूस शमानपणाला चालनाही बौद्ध धर्माने दिली. वाद अजून मिटलेला नाही, पण एक अडचण मला निर्णायक वाटते. भारत आणि सैबेरिया यांच्या मधोमध कोण आहेत? तुर्क आणि मंगोल. बौद्ध धर्म त्यांच्यात तुंगुसांपेक्षा कितीतरी आधी आणि खोलवर पोचला. मग या शब्दाने त्यांना ओलांडून तैगात कशी उडी मारली? आणि मांचू, नानाई, एव्हेन्की या तुंगूस कुळातल्या भाषांत मात्र तो आपापल्या रूपात नीट बसलेला, जणू एकाच आजोबांकडून वाटणीत आलेला. त्यातून मांचूत बौद्ध भिक्षूला ‘हुवाशान’ म्हणतात, आणि तो शब्द चिनीवरून घेतला आहे. मांचू माणसाच्या मनात भिक्षू आणि समान ही दोन वेगळी माणसं होती.

तुंगूस भाषांत ‘सा’ म्हणजे जाणणं. त्यावरून समान म्हणजे जाणता, अशी व्युत्पत्ती अनेक पुस्तकांत दिलेली असते. ऐकायला फार गोड, आणि आपल्या ‘जाणता’ या शब्दाशी जुळणारी. पण व्याकरणाच्या अंगाने शब्दाची घडण त्या धातूशी पुरती जुळत नाही. मी ती आवडीने वाचतो, पण पक्की धरत नाही.

पक्कं आहे ते शब्दाचं वय. ११९४ मध्ये शू मेंगशिन या चिनी लेखकाने उत्तरेच्या युद्धांचा मोठा दस्तऐवज संकलित केला. त्यात वान्यान शियिन या जुर्चेन दरबाऱ्याविषयी लिहिलं आहे, की त्याचे लोक त्याला ‘शानमान’ म्हणत, आणि जुर्चेन भाषेत शानमान म्हणजे चेटकीण. जुर्चेन हे मांचूंचे पूर्वज. आवाकुमच्या जवळपास पाच शतकं आधीची ही नोंद! आणि शियिन कोण? ११२० च्या सुमारास जुर्चेन भाषेला पहिली लिपी ज्याने करून दिली, तोच. ज्याला शमान म्हटल्याची ही इतकी जुनी नोंद आहे, तो माणूस अक्षरं घडवणारा होता.

त्या जुर्चेनांच्या वंशजांनी १६४४ मध्ये बीजिंग घेतलं आणि तिथे चिंग घराण्याचं राज्य सुरू झालं. ते येताना आपले समान बरोबर घेऊन आले. राजवाड्याच्या आतल्या भागात, मिंग काळात जो पट्टराणीचा महाल होता त्या खुननिंग महालात, त्यांनी भिंतीलगत रुंद ओटे बांधले, मोठ्या कढया बसवल्या, आणि तिथे रोज डुकरांचा नैवेद्य शिजू लागला. विधी चालवणाऱ्या स्त्रिया होत्या, राजघराण्याच्या सेवेतल्या समान. पुढे गाण्यांतले शब्द कानोकानी शिकता शिकता बिघडत चालले, म्हणून चिएनलुंग बादशहाने १७४७ मध्ये या सगळ्या विधींचं मांचूत पुस्तक करवून घेतलं.

त्या महालात पहाटेचा विधी तीन देवतांसाठी होत असे: युद्धवीर ग्वान, बोधिसत्त्व ग्वानयिन आणि शाक्यमुनी बुद्ध. पाली ग्रंथांत परके लोक बुद्धाला ज्या नावाने हाक मारतात ते नाव आहे ‘समण गोतम’. म्हणजे एका बाजूला आसनावर समण, आणि समोर विधी करणारी समान. दोन वेगळ्या मुळांतून, हजारो मैलांच्या अंतरावर उगवलेले असतील असे हे दोन शब्द एका दालनात, कढईच्या वाफेत, एकमेकांसमोर उभे राहिले, आणि तिथल्या कुणालाही हे कळण्याचं काही कारण नव्हतं. श्रमणापासून शमान निघाला, असं सिद्ध झालं असतं तर मला आनंद झाला असता. पण या भेटीचं आश्चर्य मला त्याहून मोठं वाटतं.

दरबारी पोथीत नेमून दिलेले शब्द होते. लोकांच्या तोंडी मात्र समानाची वेगळीच कथा होती, निशान नावाच्या विधवेची. एका श्रीमंताचा मुलगा शिकारीत मरतो. निशान डफ वाजवत मृत्यूलोकात उतरते, वाटेत नदी ओलांडते, लाच म्हणून कोंबडा आणि कुत्रा देते, आणि मुलाचा जीव परत आणते. येताना तिला तिचा मेलेला नवरा भेटतो. मलाही ने, म्हणून अडून बसतो. ती सांगते, तुझं शरीर केव्हाच कुजलं, आता शक्य नाही. तो ऐकेना, तेव्हा ती त्याला कायमचा मृतांच्या नगरीत फेकून देते. सासू हे ऐकते आणि फिर्याद बादशहापर्यंत जाते. निशानचा डफ, टोपी आणि घुंगरं पेटीत घालून लोखंडी दोरीने बांधून गावच्या विहिरीत सोडण्याचा हुकूम सुटतो.

अलेक्सांदर ग्रेबेन्श्चिकोव हा रशियन अभ्यासक १९०८ ते १९१३ या काळात मांचू वस्त्यांत हिंडत होता, तेव्हा या कथेच्या हस्तलिखित वह्या त्याच्या हाती लागल्या. त्यातली एक १९६१ मध्ये मॉस्कोत छापली गेली. नाव तेच, मांचूतलं: ‘निशान समान-इ बिथे’, म्हणजे निशान समानाची पोथी.